गोळी का सोडली, बाबा?

आज मानकोली नाक्यावरून बोलतोय. मागे गोदामं, समोर नाशिक हायवे. मध्येच ट्रकचे हॉर्न ऐकू येतील, सांभाळून घ्या.

बाबा इथेच एका गोदामात कामाला आहेत. गेल्या महिन्यात त्यांचं बीपी १८०/११० निघालं. टेल्मिसार्टनची गोळी दोन महिन्यांपासून बंद! म्हणाले, "मशीनवर १३० आलं होतं, मग कशाला खायची?"

इथेच घोटाळा होतो. मूत्रपिंड रेनिन सोडतं. ते यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनापासून अँजिओटेन्सिन १ बनवतं. त्याचं अँजिओटेन्सिन २ होतं, ते मुख्यतः फुप्फुसांत. हे २ नंबरवालं रक्तवाहिन्या आवळतं, आणि अल्डोस्टेरॉनमार्फत शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं. खूप रक्त गेलं तर हेच जीव सावरतं. पण वर्षानुवर्षं जोर राहिला, तर हृदयाची भिंत जाड होते, मूत्रपिंडं खराब होतात.

टेल्मिसार्टन हे संप्रेरक संपवत नाही. ते जिथे चिकटतं, ती जागा अडवतं. गोळी थांबली की जागा मोकळी. म्हणजे ते १३० गोळीमुळे होतं, आजार गेला म्हणून नव्हे.

डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही, असं समजू नका. गोळी बदलायची किंवा थांबवायची ती डॉक्टरांना विचारूनच. आणि ही गोळी गरोदरपणात चालत नाही. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

बाबा आता सकाळी चहाबरोबर गोळी घेतात. स्ट्रिप मी मोजतो. भेटू पुढच्या भागात.