गुडघेदुखी आणि मूळ पेशी



बिलोली भागात कापूस वेचणी, खुरपणी करून अनेकांचे गुडघे दुखतात. सांध्यातील कूर्चेला रक्तपुरवठा नसतो. म्हणून झिजलेली कूर्चा सहसा भरून येत नाही. निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यात टोचतात. त्या दाह कमी करतात. बंगळूरच्या स्टेमप्युटिक्स कंपनीच्या अशा औषधाला २०२२ मध्ये भारतात मंजुरी मिळाली; तीही दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातील झिजेसाठी. "नवा गुडघा उगवतो" असे कोणी सांगितल्यास जमीन गहाण टाकू नका. बियाण्याच्या पिशवीवरील लेबल पाहता, तशी औषधाची मंजुरी पाहा, पावती मागा. प्रथम अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. मांडीचे व्यायाम रोज करा, वजन आटोक्यात ठेवा.