पेन्शनचा न्याय आणि तिजोरीचा धर्म

(नाशिक येथे ज्येष्ठ नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



निवृत्तिवेतनाचा विषय निघाला की एकाच सभागृहाचे दोन तट पडतात, याची मला कल्पना आहे. समोर निवृत्त शिक्षक बसले आहेत, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेली मंडळी आहेत, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हयात घालविलेले फिटर-टर्नरही आहेत. आज मी दोन्हीकडच्यांना थोडे थोडे नाराज करणार आहे. तेव्हा आरंभीच क्षमा मागून ठेवतो.

१४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्रातील राज्य कर्मचारी संपावर गेले. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा तेव्हा तालुक्यातालुक्यात ऐकू आली. २० मार्चला संप मिटला. त्या सात दिवसांत अनेक घरांतून एक विलक्षण दृश्य दिसत होते. वडील जुन्या पेन्शनवर सुखाने जगणारे, मुलगा २००५ नंतर नोकरीस लागलेला म्हणून मोर्चात, आणि शेजारचा दुकानदार, ‘आमच्या करातून यांना किती द्यायचे?’ असे विचारणारा. तिघांपैकी एकालाही मूर्ख किंवा स्वार्थी ठरवून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

थोडे मागे जाऊ. जुन्या व्यवस्थेत कर्मचाऱ्याने काहीही भरावयाचे नव्हते. अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन आणि त्यावर वाढता महागाई भत्ता मिळे. मात्र त्यासाठी शासनाने कोठे पैसा साठवून ठेवलेला नव्हता. आज निवृत्त होणाऱ्याचे पेन्शन आजच्या करदात्याने द्यावयाचे, अशी ती रचना. आयुर्मान वाढले, वेतन आयोग येत गेले आणि हा भार पुढच्या पिढीवर सरकत गेला. म्हणून अटलजींच्या शासनाने १ जानेवारी २००४ पासून भरती होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी अंशदायी योजना आणली. महाराष्ट्रात ती १ नोव्हेंबर २००५ पासून आली, तेव्हा येथे काँग्रेस आघाडीचे राज्य होते. म्हणजे हा निर्णय एका पक्षाचा नव्हता. आपल्याच विचारपरिवारातील भारतीय मजदूर संघाने मात्र जुन्या योजनेची मागणी मांडली आहे. परिवारात मतभेद असतो, तो असावा, आणि तो लपविण्याचे कारण नाही.

माझे मत विचाराल तर अटलजींचा निर्णय दूरदृष्टीचा होता, पण अपुरा होता. अपुरा अशासाठी की बाजाराची सारी जोखीम कर्मचाऱ्याच्या खांद्यावर टाकली गेली. तीस वर्षे शिकविणाऱ्या शिक्षकाला निवृत्तीच्या दिवशी आपल्याला दरमहा किती मिळणार हे सांगता येऊ नये, ही व्यवस्था मनाला शांती देणारी नव्हे. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने नाकारा खटल्यात पेन्शन ही मालकाच्या मर्जीची बक्षिशी नसून केलेल्या सेवेतून उपजलेला हक्क आहे, असे स्पष्ट केले होते. तो हक्क शेअर बाजाराच्या निर्देशांकाला बांधावा काय, हा प्रश्न रास्त होता.

या अस्वस्थतेचा राजकीय लाभ घेण्याचे ज्यांनी ठरविले, त्यांनी २०२२ मध्ये राजस्थान आणि छत्तीसगडात थेट जुनी योजनाच घोषित केली. आज टाळ्या आणि बिल वीस-पंचवीस वर्षांनी येणाऱ्या मुख्यमंत्र्याला! रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२३ च्या राज्यवित्त अहवालात या पावलाविषयी इशारा दिला. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत जमा झालेला पैसा परत मागितला गेला, तेव्हा कायद्यात तशी तरतूद नसल्याचे केंद्राने सांगितले.

यातून मध्यममार्ग निघाला तो एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्रानेही. १ एप्रिल २०२५ पासून केंद्रात ती लागू झाली. पंचवीस वर्षे सेवा झाली असेल तर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी, पण कर्मचाऱ्याचा दहा टक्के वाटा कायम आणि शासनाचा १८.५ टक्के. हमीही आहे आणि पैसाही बाजूला ठेवला जातो. तरीही केंद्रीय कर्मचाऱ्यांचा प्रतिसाद थंडच राहिला आणि पर्याय निवडण्याची मुदत २०२५ मध्ये पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. कर्मचारी बंधूंना माझी विनंती आहे की, त्यांनी ही योजना हातची घालवू नये.

येथवर शिक्षक-कर्मचारी मंडळी कदाचित थोडी रुसली असतील. आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, आणि खरे तर आज मला बोलावयाचे आहे ते याच बाजूविषयी.

गेल्या वर्षी मी बँकेत पासबुक छापण्याच्या रांगेत उभा होतो. पुढे एक निवृत्त कारखाना कामगार होते. त्यांनी पासबुकातील नोंद मला दाखविली. आकडा दोन हजारांच्या आत होता. ते म्हणाले, ‘‘साहेब, तीस वर्षे माझ्या नावावर दरमहा पैसे भरले गेले. मग मी मागतो ते दान कसे?’’ मला उत्तर देता आले नाही.

ही कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ ची. मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के त्यात जातात, केंद्र १.१६ टक्के घालते. परंतु वेतन कितीही असो, हिशेब मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा २०१४ मध्ये साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झाली आणि पुढे दशकभर हलली नाही. या सूत्राने तेहेतीस वर्षे सेवा करणाऱ्याला फार तर साडेसात हजार मिळतील, आणि तेही कागदावर. कारण २०१४ पूर्वीची वर्षे जुन्याच मर्यादेने मोजली जातात. यावर महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन एक हजार करण्यात आली तीही सप्टेंबर २०१४ मध्ये, मोदी शासनाच्या काळात; त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण त्याआधी २०१३ मध्ये श्री. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने किमान तीन हजारांची शिफारस केली होती. कोश्यारीजी कोणत्या विचाराचे, हे या सभागृहाला सांगावयास नको. विरोधी बाकावर असताना जे न्याय्य वाटले, ते सत्तेत आल्यावर परवडेनासे का व्हावे?

आणि त्या रांगेत आणखी मागे उभी होती निराधार योजनेतील एक विधवा भगिनी. संजय गांधी निराधार योजनेची रक्कम २०२३ मध्ये हजारावरून दीड हजार झाली. वृद्धांसाठीच्या केंद्राच्या योजनेत ६० ते ७९ वयोगटाला केंद्राचा वाटा दरमहा दोनशे रुपये. जवळजवळ दोन दशके तो तेवढाच राहिला. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, तीही दीड हजारांचीच. त्या योजनेमुळे गृहिणीच्या हाती स्वतःचा पैसा आला, हे मी नाकारत नाही. पण तेथे उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख, आणि निराधाराला मात्र वर्षानुवर्षे एकवीस हजार! ज्या घरात मिळवता पुरुष आहे त्या घरालाही दीड हजार, आणि जिला कोणीच नाही तिलाही तेवढेच. २०२५ च्या पडताळणीत काही सरकारी कर्मचारी महिलांनीही या योजनेचा लाभ घेतल्याचे उघड झाले. याला अंत्योदय म्हणता येणार नाही. पं. दीनदयाळजींच्या अंत्योदयात रांगेतील शेवटच्या माणसापासून मोजणी सुरू होते. येथे ती मतदारयादीपासून सुरू झाली.

कल्याणकारी राज्याची कल्पना पश्चिमेकडून आली, असे आपल्याला शिकविले गेले. कौटिल्याने अर्थशास्त्रात बालक, वृद्ध, रोगी आणि अनाथ यांचे भरणपोषण राजाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. कर्तव्य बजावताना मृत्यू आलेल्या सेवकाच्या बायकामुलांना अन्न-वेतन मिळावे, असेही त्यात आहे. त्याच ग्रंथात रिकाम्या कोषागाराची चिंताही पानोपानी आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने लिहिल्या.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सरकारी कर्मचाऱ्याला हमी मिळाली, ती योग्यच झाली. आता कारखान्यातील निवृत्ताचे किमान पेन्शन वाढवावे आणि ते महागाईशी जोडावे. निराधाराची रक्कम इतर सर्व अनुदानांच्या आधी आणि अधिक असावी. पैसा कोठून आणायचा, असे विचाराल, तर ज्यांना गरज नाही त्यांची नावे वगळून. यात आपलीही काही घरे येतील. आपल्या वस्तीत निराधार योजनेस पात्र असूनही तलाठ्याच्या दाखल्यावाचून अडलेल्या किती भगिनी आहेत, याची यादी मला पुढच्या महिन्यात हवी आहे. अर्जाचे नमुने बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत.