उसण म्हणून चोळू नका

दिवाळी झाली की आपल्या आष्टी तालुक्यातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पाय घसरतो, कुशीवर जोरात आपटतं. मग आपण काय करतो? "उसण भरली" म्हणून तेल लावून चोळतो आणि खाडा पडू नये म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा फडात उभ्या!

आज बोलायचंय ते अशा मारात क्वचितच होणाऱ्या, पण जिवावर बेतणाऱ्या एका दुखण्याबद्दल. दोन्ही किडन्यांवर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. डॉक्टर अ‍ॅड्रिनल म्हणतील. वजन जेमतेम 4-5 ग्रॅम, पण रक्तदाब टिकवणारे रस तिच्यात तयार होतात. जबर मार, ग्रंथीतली गाठ, रक्त पातळ करायची औषधं किंवा अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग, यांमुळे तिच्यात रक्तस्राव होऊ शकतो. बाहेर एक थेंब दिसत नाही. बरगडीखाली नाहीतर पाठीत सारखं दुखतं, उलट्या होतात, दरदरून घाम येतो, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. अशी बाई "जरा पडते" म्हणाली, तरी तिला एकटं झोपू देऊ नका. 108 ला फोन करा. कर्नाटकातल्या फडावर असाल तरी नंबर तोच.

पुष्कळदा हे रक्त आपोआप थांबतं, दवाखान्यात नुसती देखरेख पुरते. थांबलं नाही, तर सलाईन आणि रक्त देत सीटी स्कॅन करतात. ठिबकची नळी फुटली तर आपण सगळं रान उकरत नाही, त्या ओळीचा कॉक बंद करतो. इथंही तसंच. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, आत सरकवतात. रंगद्रव्य सोडून एक्स-रेच्या पडद्यावर गळती शोधतात आणि नेमकी तीच वाहिनी तारेच्या छोट्या वेटोळ्यांनी किंवा औषधी स्पंजच्या कणांनी बुजवतात. मोठी चीर नाही, बहुतेक वेळा नुसती जागा बधिर करून भागतं. हे यंत्र तालुक्याच्या गावी नसतं, म्हणून "नळीनं रक्त थांबवायची सोय कुठं आहे?" हे पहिल्याच दवाखान्यात विचारा. रेशन कार्ड जवळ ठेवा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल तिथल्या आरोग्यमित्राशी बोला.

आणखी एक, जे आपण लपवतो. सांधेदुखीवर कुणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. ते खूप दिवस घेतलं की ही ग्रंथी सुस्तावते. ती पुडी डॉक्टरांना दाखवाच, रागावले तरी चालेल.

दोन्ही ग्रंथी निकामी झाल्या, तर हायड्रोकॉर्टिसोनची गोळी रोज लागते, बहुधा जन्मभर. ती एकदम बंद केली तर पुन्हा जिवाला धोका. अशी कुणी तुमच्या टोळीत असेल, तर पूर्ण हंगामाच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच गाडीत बसवा. चिठ्ठीची एक प्रत मुकादमाकडेही द्या.