विज्ञानकादंबरी कोणती वाचावी?

बदलापूर ते मुंबई हें अंतर लोहमार्गानें सुमारें ६८ किलोमीटर. रोज लोकलनें कचेरी गांठणाऱ्या गृहस्थास जातां-येतां मिळून तीन तासांच्या आसपास वेळ सांपडतो. बसावयास जागा मिळाली तर तो वाचनास देतां येतो. न मिळाल्यास सहनशीलतेच्या अभ्यासास. अशा गृहस्थानें गांवांतील ‘ग्रंथसखा’सारख्या ग्रंथालयांत जाऊन एखादी विज्ञानकादंबरी मागितली, तर त्याच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

विज्ञानकादंबरी म्हटली कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें अग्निबाण आणि हिरव्या अंगाचे परग्रहवासी उभे राहतात, आणि ‘हें मुलांचें वाचन’ असें म्हणून पुस्तक बाजूस सारलें जातें. वास्तविक मराठींत हा प्रकार मुलांच्या दारानें आलाच नाहीं. ‘केरळकोकीळ’ मासिकानें १९०० सालीं ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचें भाषांतर क्रमशः छापण्यास आरंभ केला, आणि ‘केरळकोकीळ’ हें कांहीं मुलांचें मासिक नव्हतें. मुलांना व्हर्न दिला तो पुढें भा. रा. भागवतांनीं. घरांत दहा-बारा वर्षांचें मूल असेल तर त्यांचें ‘समुद्र सैतान’ अवश्य आणावें. मात्र तें प्रथम मुलाच्या हातीं पडेल अशी व्यवस्था ठेवावी. वडील मंडळींनीं तें आधीं उघडलें तर मुलाची पाळी लवकर येत नाहीं.

प्रौढ वाचकानें प्रारंभ जयंत नारळीकरांपासून करावा. मे २०२५ मध्यें निवर्तलेल्या या जगन्मान्य शास्त्रज्ञाचा कथालेखनांतील प्रवेश मोठा गमतीचा आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेस त्यांनीं ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती नारायण विनायक जगताप या नांवानें. हीं आद्याक्षरें उलट क्रमानें वाचलीं कीं जयंत विष्णु नारळीकर पुढें उभे राहतात! अक्षर ओळखूं येऊं नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. परीक्षकांनीं अनोळखी जगतापांस पहिलें पारितोषिक दिलें.

त्यांच्या कादंबऱ्यांपैकीं ‘वामन परत न आला’ ही सर्वांत आधीं वाचावी. भूगर्भांत खोल खणीत असतां शास्त्रज्ञांना एक बंद पेटी सांपडते. ती ठेविली आहे आपल्याहून पुष्कळ पुढें गेलेल्या, परंतु केव्हांच नाहींशा झालेल्या एका मानवसमाजानें. पेटींतील ज्ञानाच्या आधारें एक यंत्रमानव घडविला जातो. त्याचें नांव वामन. तो नम्र आहे, अचूक आहे, न थकणारा आहे. त्याचें मागणें वरवर पाहतां लहानसें आहे. त्यास आपल्यासारखेच आणखी यंत्रमानव हवे आहेत! बळीराजाची कथा ज्या घरांत दर दिवाळींत निघते, तेथें या नांवाचा अर्थ उकलून सांगावयास नको. पूर्वीचा तो समाज कशानें बुडाला, हें शोधून काढण्यापूर्वींच त्याची विद्या वापरण्याची घाई झाली, हा या कादंबरींतील खरा पेंच. पुस्तक १९८६ सालचें. संगणकाकडून पत्रें, हिशेब आणि मुलांचे निबंधही लिहून घेण्याच्या आजच्या काळांत कचेरींतील कारकुनास तें अधिकच जवळचें वाटेल. कारण वामनानें मागितलेल्या भूमींत त्याची खुर्चीही येते.

दोष नाहींत असें नाहीं. नारळीकरांचीं पात्रें बुद्धिमान आहेत, पण त्यांस सहसा भूक लागत नाहीं कीं पडसें होत नाहीं. ज्यास अधिक भावपूर्ण कथानक हवें असेल त्यानें ‘प्रेषित’ पाहावी. ज्यास इंग्रजीची अडचण नाहीं त्यानें नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरु फ्रेड हॉइल यांची १९५७ ची ‘द ब्लॅक क्लाउड’ मिळवावी. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्यें एक काळा मेघ येऊन ठाकतो, आणि त्या मेघासही बुद्धि आहे असें आढळतें! शास्त्रज्ञ आणि मंत्री एकमेकांशीं कसे बोलतात, हें त्यांत फार मार्मिक रंगविलें आहे.

आतां शेवटचें पुस्तक. सुबोध जावडेकर हे रसायन-अभियंते. त्यांच्या ‘आकांत’ या कादंबरीस भोपाळच्या वायुदुर्घटनेची पार्श्वभूमि आहे. कडक समीक्षक तीस विज्ञानकादंबरी म्हणणार नाहींत, कारण तींत भविष्यकाळ नाहीं. भोपाळचा विषारी वायु २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्रीं खरोखरच सुटला आणि झोंपलेलीं माणसें हजारोंनीं मेलीं. परंतु अंबरनाथ-बदलापूरच्या वाचकानें वर्गीकरणाचा हा वाद बाजूस ठेवावा. येथील औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत, वस्ती त्यांच्याभोंवतीं दाटत चालली आहे, आणि रात्रीं वारा फिरला कीं उग्र दर्पामुळें खिडक्या लावून घेण्याचा प्रसंग अनेक घरांस नवा नाहीं. कोठीच्या टाकींतील उष्णता वाढत असतां कोणतें यंत्र बंद पडलें होतें, तें बंद आहे हें कोणास ठाऊक होतें, आणि बाहेरच्या वस्तीस कोणीं व केव्हां सांगितलें, हे भोपाळचे प्रश्न तेथें शेजाऱ्यासंबंधींचे प्रश्न होतात.

‘आकांत’ लोकलमध्यें वाचण्याचें पुस्तक नव्हे. तें रविवारीं घरीं वाचावें. ग्रंथालयांतून एका वेळीं एकच पुस्तक मिळत असेल तर प्रथम ‘वामन’ न्यावा, आणि तो परत करतांना ‘आकांत’ आलें आहे काय, याची चौकशी करावी.