राजधानीतील स्मारके आणि आपली धम्मयात्रा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखात एक अर्थपूर्ण नोंद आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस जात. शिकार आणि करमणूक हा तिचा हेतू असे. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीस्थानाला भेट दिली आणि तेथून धम्मयात्रा सुरू झाली. वृद्धांचे दर्शन, दान आणि ग्रामीण जनतेशी धम्मविषयक संवाद, असे त्या यात्रेचे स्वरूप होते.

भारतातून पाहुणे आले म्हणजे आपण त्यांना मोठ्या हौसेने वॉशिंग्टनला नेतो. व्हाइट हाऊससमोर छायाचित्र, लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर छायाचित्र, गाडीत बांधून आणलेल्या पोळीभाजीचे जेवण आणि अंधार पडण्यापूर्वी घरी परत. यात गैर काहीच नाही. परंतु ही विहारयात्रा झाली. तिची धम्मयात्रा कशी व्हावी, याविषयी आज आम्हाला आपल्याशी बोलावयाचे आहे.

आमचा व्यवसाय वैद्यकाचा. रुग्ण समोर आला की औषधाआधी त्याचा पूर्वेतिहास विचारावयाचा, हा आमच्या शिक्षणातील पहिला धडा. दगडाच्या स्मारकालाही असाच पूर्वेतिहास विचारला पाहिजे. पैसा कोणाचा? रूप कोणी ठरविले? उद्घाटनाच्या दिवशी कोणाला कोठे बसविले?

लिंकन स्मारकापासून आरंभ करू. त्याचे बांधकाम 1914 साली सुरू झाले. त्या वेळी बाबासाहेब याच देशात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. 30 मे 1922 रोजी स्मारकाचे लोकार्पण झाले. गुलामगिरी संपविणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या त्या सोहळ्यात कृष्णवर्णीय निमंत्रितांना वेगळ्या विभागात बसविण्यात आले. टस्कीगी संस्थेचे प्रमुख रॉबर्ट मोटन हे त्या दिवशीचे एक वक्ते होते. त्यांच्या भाषणातील परखड भाग आयोजकांनी आधीच काढावयास लावला होता. समतेचे मंदिर उभे राहिले आणि त्याच्या दारातच पंक्तिभेद झाला! पंक्तिभेद या शब्दाचा अर्थ आपल्या समाजाला कोणी समजावून सांगावयास नको.

मात्र त्या स्मारकाची कथा तेथे संपली नाही. 1939 साली वॉशिंग्टनमधील एका मोठ्या सभागृहाने वर्णामुळे दार बंद केले तेव्हा थोर गायिका मॅरियन अँडरसन याच पायऱ्यांवर उभ्या राहून गायिल्या आणि सुमारे 75 हजार लोकांनी ते गाणे ऐकले. 28 ऑगस्ट 1963 रोजी सुमारे अडीच लाख लोकांसमोर डॉ. मार्टिन ल्यूथर किंग तेथेच बोलले. दगड तोच राहिला, अर्थ मात्र लोकांनी घडविला. चवदार तळ्याचे असेच नव्हते काय? सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव 1923 साली संमत झाला होता; परंतु 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसे चालत जाऊन पाणी प्याली, तेव्हाच त्या कागदात प्राण आला.

दुसरे स्थळ आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. संसदभवनाच्या पूर्वेला सुमारे एक मैलावर लिंकन पार्क नावाचे उद्यान आहे. तेथे लिंकन उभे आहेत आणि त्यांच्यापुढे बेड्या तुटलेला एक कृष्णवर्णीय पुरुष गुडघा टेकून आहे. या स्मारकाचा पैसा मुक्त झालेल्या गुलामांनी दिला. शार्लट स्कॉट नावाच्या स्त्रीने आपल्या कमाईतील पहिले 5 डॉलर दिले आणि निधी सुरू झाला. पैसा त्यांचा, परंतु शिल्पाचे रूप ठरविणारे दुसरेच होते. अनावरण झाले 14 एप्रिल 1876 रोजी. होय, 14 एप्रिल! लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, त्याचा तो स्मृतिदिन होता. प्रमुख वक्ते होते फ्रेडरिक डग्लस, जे स्वतः गुलामगिरीतून निसटले होते. त्यांनी लिंकन यांचा गौरव केला, तसेच त्यांच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या. काही दिवसांनी वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले की, गुडघे टेकलेला नव्हे, तर माणसासारखा ताठ उभा असलेला आपला बांधव मरण्यापूर्वी एखाद्या स्मारकात पाहण्याची त्यांची इच्छा आहे.

बंधुभगिनींनो, आता आपल्या गावोगावचे बाबासाहेबांचे पुतळे डोळ्यांसमोर आणा. ताठ उभे, हातात संविधान, पुढे केलेले बोट. त्यांच्या सुबकतेविषयी मतभेद असतील, परंतु कोठेही कोणी कोणापुढे गुडघे टेकलेले नाहीत. ज्यांनी वर्गणी दिली, त्यांनीच रूप ठरविले. डग्लस यांनी मागितलेली गोष्ट आपल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या आजोबांनी चावडीवर बसून साध्य केली.

लिंकन पार्कमध्येच 1974 साली शिक्षणकार्यकर्त्या मेरी मॅक्लिओड बेथ्यून यांचा पुतळा उभारला गेला. त्या उभ्या आहेत आणि समोर दोन मुले आहेत. लिंकन यांचे शिल्प तेव्हा फिरवून त्यांच्याकडे तोंड करून ठेवले गेले. इतिहास पुसला नाही. त्याच्यासमोर उत्तर उभे केले.

डॉ. किंग यांचे स्मारक 2011 साली खुले झाले. तेथे मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी. 1959 साली डॉ. किंग भारतात आले असता केरळमधील एका शाळेत, अमेरिकेतून आलेला आपलाच एक अस्पृश्य बांधव, अशी त्यांची ओळख करून देण्यात आली. प्रथम त्यांना धक्का बसला. नंतर विचार करता ती ओळख खरी असल्याचे त्यांनी मान्य केले. हा प्रसंग त्यांनी 1965 सालच्या प्रवचनात स्वतः सांगितला. बाबासाहेबांनीही 1946 साली विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखविले होते. हे नाते जुने आहे.

आणि 24 सप्टेंबर 2016 रोजी खुले झालेले कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय. तेथे आधी तळघरात उतरावे लागते आणि गुलामांच्या व्यापारापासून आरंभ करून मजल्यामजल्याने वर यावे लागते. 1955 साली मिसिसिपीत ठार केलेल्या एमेट टिल या 14 वर्षांच्या मुलाची शवपेटी तेथे आहे. एका लाकडी खोपटात गुलाम राहत, ते खोपटही तेथे आणून उभे केले आहे. ते पाहून आपली मुले विचारतात, आपले असे काय जपले आहे?

आमच्या मते आजचा खरा प्रश्न हाच आहे. 1956 साली नागपूरला 15 वर्षांचे असणारे लोक आज पंचाऐंशीच्या आसपास आहेत. दर हिवाळ्यात त्यांतील काही जण आपल्याला सोडून जातात आणि त्यांच्याबरोबर साक्ष जाते. दुसरीकडे काही घरांत, आडनाव किंवा गावाची चौकशी झाली की विषय बदलावा, असे मुलांना शिकविले जाते. आम्ही कोणाला दोष देत नाही. भीती खरी आहे आणि तिची कारणेही खरी आहेत. परंतु पूर्वेतिहास लपविलेल्या रुग्णावर योग्य उपचार होत नाहीत. या देशातील कृष्णवर्णीय कुटुंबांनी आपल्या आजीच्या बेड्या काचेच्या कपाटात मांडल्या, कारण लाज बेड्या घालणाऱ्याची होती.

आता आपल्यालाही येथे एक स्थान आहे. राजधानीच्या दक्षिणेस, मेरीलँडमधील ॲकोकीक येथे 13 एकरांच्या जागेवर आंबेडकर इंटरनॅशनल सेंटरने बाबासाहेबांचा पुतळा उभारला. धम्मदीक्षेच्या दिनी, 14 ऑक्टोबर 2023 रोजी, त्याचे अनावरण झाले. शिल्पकार राम सुतार. उंची 19 फूट. लिंकन यांची बैठी मूर्ती 19 फूट, जेफरसन यांचा पुतळाही 19 फूट. योगायोग असेल, पण ज्या जेफरसन यांनी सर्व माणसे समान असल्याचे लिहिले आणि आयुष्यात सहाशेहून अधिक गुलाम बाळगले, त्यांच्या शेजारच्या प्रदेशात बाबासाहेब त्याच उंचीने उभे आहेत, हे मुलांनी जाणावे. मात्र तेथे केवळ हार घालून परतू नये. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनीच राजकारणातील व्यक्तिपूजेविरुद्ध इशारा दिला होता.

म्हणून आमची विनंती अशी. येत्या वर्षी आपण सर्व कुटुंबांनी मिळून एक दिवस या स्थळांना द्यावा. प्रत्येक मुलाने एका स्मारकाचा पूर्वेतिहास तयार करून तेथेच, जमेल तशा मराठीत, सांगावा. आणि प्रत्येक घराने आपल्या एका वडीलधाऱ्या माणसाची हकीकत ध्वनिमुद्रित करावी. दीक्षेची छायाचित्रे, जुनी पत्रे, वर्गणीच्या पावत्या जपाव्यात. दगडाला खर्च लागतो. आईवडिलांना, आजीआजोबांना दूरध्वनी करून एक प्रश्न विचारावयास काही लागत नाही. तो प्रश्न आज रात्रीच विचारावा.

जयभीम!