शास्त्राची सत्ता

तेर येथे संत गोरोबाकाका कुंभारांनी जमलेल्या संतांची मस्तके थापटण्याने ठोकून पाहिली आणि रागावलेल्या नामदेवांविषयी ‘हे मडके कच्चे’ असा निवाडा दिला, ही कथा आपल्या धाराशीव जिल्ह्यात लेकराबाळांनाही ठाऊक आहे. ख्रिस्ती माणसाच्या जीवनात शास्त्राची, म्हणजे बायबलाची, सत्ता कशी जाणवते, असे कोणी पुसल्यास मी ह्या थापटण्याकडेच बोट दाखवीन. कारण आपण ग्रंथाची परीक्षा घ्यावयास बसतो आणि परीक्षा होते ती आपली.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचाच दाखला घ्या. 1893 साली नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने जात असता डब्यातील एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. भाकिताचे मला फारसे कौतुक नाही. कौतुक आहे ते पुढच्या वाचनाचे. महत्त्वाच्या जागी पेन्सिलीने खुणा करीत ग्रंथ भराभर वाचून काढण्याचा टिळकांचा परिपाठ. परंतु मत्तयाच्या पाचव्या अध्यायात डोंगरावरील प्रवचन लागले आणि ह्या पंडित कवीचे पाऊल तेथून पुढे निघेना. वैऱ्यावर प्रीती करावी, हे वचन समजावयास पांडित्य लागत नाही. ते आपल्याला लागू आहे असे कबूल करावयाचे म्हटले की मात्र सगळे पांडित्य लटके पडते.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि घर दुभंगले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 साली बाप्तिस्मा घेतला, तोही पतीच्या हुकमाने नव्हे, तर जातिभेद देवाने केलेला नाही अशी मनाची खातरजमा झाल्यावर. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे टिळक सांगत. तेव्हा गाथा आणि बायबल ह्यांत तंटा लावण्याचे आपल्या मुलखात तरी कारण नाही.

माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना एवढीच विनंती, की बायबल रुमालात गुंडाळून फडताळात ठेवू नका. मत्तयाचे पाच, सहा व सात हे तीन अध्याय आज घरात मोठ्याने वाचा, आणि ज्या वचनाचा राग येईल तेथे पान उलटू नका.