खोटी साक्ष आणि षड्यंत्रकथा



या शाळेच्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिला, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. सर इतिहास शिकवीत, आणि ऐकलेल्या गोष्टीचा आधार विचारावा ही सवय त्यांनी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना लावली. त्यांच्या स्मृतीला साजेसा विषय असावा, म्हणून मी आजचा प्रश्न निवडला आहे. कॅथलिक माणसाने षड्यंत्रकथांच्या वाटेला जावे की जाऊ नये?

हे व्यासपीठ शाळेचे आहे, चर्चचे नाही, आणि समोरच्या श्रोत्यांत निरनिराळ्या धर्मांची माणसे आहेत, याची मला जाणीव आहे. तरीही मी माझ्याच समाजाची उदाहरणे घेणार आहे. दुसऱ्याच्या घरातला केर दाखविणे सोपे असते. आपल्या घरातला दाखविला, म्हणजे ऐकणाऱ्यालाही स्वतःच्या घराकडे पाहावेसे वाटते.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करू. कट ही एक घटना असते. काही माणसे गुप्तपणे एकत्र येतात, काही ठरवितात, आणि पुढेमागे त्याचे पुरावे सापडतात. षड्यंत्रकथा ही मात्र एक विचारपद्धती आहे. जगात जे जे वाईट घडते, त्यामागे एकच अदृश्य हात आहे असे ती प्रथम गृहीत धरते आणि मग पुरावा शोधू लागते. पुरावा मिळाला तर कथा सिद्ध होते. मिळाला नाही, तर तो दडपला गेला असे म्हणून पुन्हा कथाच सिद्ध होते. जी गोष्ट कशानेच खोटी ठरू शकत नाही, तिच्यापासून सावध राहावे, एवढे तर्कशास्त्राचा आरंभीचा विद्यार्थीही सांगेल.

आता उदाहरण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये जे घडले, त्याहून बोधप्रद प्रकरण कॅथलिकांच्या इतिहासात मला दिसत नाही. १८८४ साली पोप लिओ तेरावे यांनी फ्रीमेसन मंडळींच्या विचारसरणीचा निषेध करणारे परिपत्रक काढले. पुढच्याच वर्षी लिओ ताक्सील या लेखकाने आपल्याला पश्चात्ताप झाला असल्याचे जाहीर केले. हा गृहस्थ १८५४ साली मार्सेय येथे जन्मला होता. त्याचे खरे नाव गाब्रिएल जोगां-पाजेस. तोवर त्याने पोपची आणि धर्मगुरूंची टिंगल करणारी पुस्तके लिहून नाव कमावले होते. काही काळ तो फ्रीमेसनही होता. असा माणूस परत आला, म्हणून साहजिकच आनंदीआनंद झाला. १८८७ साली खुद्द पोपनी त्याला भेट दिली.

त्यानंतर ताक्सीलने मेसन मंडळींची ‘गुपिते’ प्रसिद्ध करण्याचा सपाटा लावला. त्याने लिहिले, की सामान्य मेसनांनाही ठाऊक नसलेले एक अंतर्मंडळ आहे, तेथे सैतानाची उपासना चालते, आणि त्याचे मुख्य पीठ अमेरिकेतील चार्ल्सटन शहरी आहे. जिब्राल्टरच्या खडकाखाली या मंडळाचे गुप्त कारखाने आहेत. एका बैठकीत तर सैतान मगरीच्या रूपाने येऊन पियानो वाजवितो! पुढे डायना वॉन नावाची नायिका अवतरली. सैतानाच्या पूजेतून बाहेर पडून ती कॅथलिक झाली असे सांगण्यात आले, आणि १८९५ पासून तिच्या आठवणी क्रमशः छापून येऊ लागल्या. तिला कोणी पाहिले नव्हते. मेसन तिचा जीव घेतील, म्हणून ती लपून राहते, असे उत्तर तयार होते.

श्रोतेहो, आज आपल्याला हसू येते. पण हे मानणारी माणसे मूर्ख नव्हती. त्यांत धर्मगुरू होते, संपादक होते. लिझ्य येथील मठात राहणारी एक तरुण संन्यासिनी या डायनासाठी मनापासून प्रार्थना करीत होती. आज जग तिला बाळ येशूची संत तेरेजा म्हणून ओळखते. मठातील नाटकात जोन ऑफ आर्कची भूमिका केली तेव्हाचे तिचे छायाचित्र डायनाकडे पाठविण्यात आले, आणि डायनाच्या नावाने त्याला उत्तरही आले.

सावध करणारे कोणीच नव्हते काय? होते, आणि ते कॅथलिकच होते. चार्ल्सटनच्या बिशपांनी आपल्या शहरात असे काही नाही असे रोमला कळविले, आणि जिब्राल्टरच्या धर्माधिकाऱ्यांनीही खडकाखालचे कारखाने नाकारले, हे पुढे ताक्सीलनेच सांगितले. जे त्या गावी राहत होते, त्यांची साक्ष बाजूला पडली. आणि जो पॅरिसमध्ये बसून लिहीत होता, त्याच्यावर विश्वास ठेवला गेला. जर्मनीत कलोनच्या एका कॅथलिक वृत्तपत्राने आणि हेर्मान ग्रुबर या जेझुइट अभ्यासकाने या बनावाविरुद्ध आवाज उठविला. १८९६ साली ट्रेंट शहरी मेसनविरोधी परिषद भरली, तेथे डायना खरोखर आहे काय, हा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला. चौकशीसाठी समिती नेमली गेली. पण तिला होय किंवा नाही असा निर्णय देता आला नाही.

अखेर १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसच्या भूगोल संस्थेच्या सभागृहात डायना लोकांसमोर येणार असे जाहीर झाले. आला तो ताक्सील. संत तेरेजाचे ते छायाचित्र त्या सभेत पडद्यावर दाखविले गेले. मग ताक्सीलने सांगितले, की गेली बारा वर्षे मी आपली थट्टा करीत होतो. डायना वॉन हे माझ्याकडे टंकलेखन करणाऱ्या बाईचे नाव आहे, बाकी सारे माझ्या कल्पनेतले आहे. सभा इतकी खवळली, की त्याला पोलिसांच्या संरक्षणात बाहेर काढावे लागले. ही वार्ता लिझ्यच्या मठात पोहोचली, तेव्हा तेरेजाने डायनाचे पत्र फाडून बागेतल्या खताच्या ढिगाऱ्यावर टाकले. त्या वेळी ती क्षयाने आजारी होती. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ती निवर्तली.

तरीही काहींनी ताक्सीलची ही कबुलीच मेसनांनी विकत घेतली आहे असे ठरविले. त्या बनावातील काही मजकूर आजही अमेरिकन मेसन अल्बर्ट पाइक यांच्या नावावर खपविला जातो. थट्टा करणाऱ्याने थट्टा मागे घेतली, पण ऐकणाऱ्यांनी ती सोडली नाही.

यातून मेसन विचारसरणी चर्चला मान्य झाली, असा अर्थ कोणी घेऊ नये. कॅथलिकाने त्या मंडळात सामील होऊ नये, ही चर्चची भूमिका २०२३ सालीही पुन्हा सांगितली गेली. पण एखाद्याचे मत नाकारणे वेगळे, आणि त्याच्याविषयीचे असत्य स्वीकारणे वेगळे. आपला विरोधक चुकीचा आहे, एवढ्यावरून त्याच्याविषयीचे प्रत्येक वाईट वृत्त खरे ठरत नाही. ताक्सीलने नेमकी हीच दुबळी जागा हेरली होती.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. गोव्यातील मराठी वाचकाला फादर स्टीफन्स आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, साष्टीत राहिला, मराठीत ओव्या रचू लागला, आणि १६१६ साली त्याचा ग्रंथ राशोल येथे छापला गेला. तो ज्या देशातून आला, तेथे त्या काळी प्रत्येक कॅथलिक धर्मगुरूकडे कटवाला म्हणून पाहिले जाई. स्टीफन्स आपल्याकडे आल्यानंतर दोनच वर्षांनी, १ डिसेंबर १५८१ रोजी, त्याचा देशबांधव आणि जेझुइट बंधू एडमंड कॅम्पियन याला लंडनमध्ये फाशी दिली गेली. रोम आणि रॅन्स येथे राणीला पदच्युत करण्याचा कट त्याने केला, असा आरोप होता. १९७० साली चर्चने त्याला संतपद दिले.

पुढे १६७८ साली टायटस ओट्स नावाच्या माणसाने राजाच्या खुनाचा कॅथलिक कट रचला गेल्याची कथा पसरविली. तिच्यापायी किमान पंधरा निरपराध माणसे फासावर गेली. आयर्लंडचे आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट हेही त्याच लाटेत १६८१ साली मारले गेले. १६८५ साली ओट्स खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरला. पण मेलेली माणसे परत येत नाहीत. १६६६ ची लंडनची आग कॅथलिकांनी लावली, असा मजकूर तर तेथील स्मारकस्तंभावर १६८१ साली कोरला गेला, आणि तो कायमचा पुसला जायला १८३० साल उजाडावे लागले. अफवा दगडात कोरली गेली म्हणजे काय होते, हे ज्या समाजाने सोसले, त्याने तरी दुसऱ्याविषयी तसे करू नये.

दुर्दैवाने आम्ही केले. १३४८ साली युरोपात प्लेगची साथ पसरली, तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालविले अशी बोलवा उठली, आणि ख्रिस्ती म्हणविणाऱ्या जमावांनी ज्यूंची कत्तल केली. स्ट्रासबुर्ग येथे फेब्रुवारी १३४९ मध्ये शेकडो ज्यू जाळले गेले. पण त्याच काळात आव्हिन्यों येथून पोप क्लेमेंट सहावे यांनी या आरोपाविरुद्ध आज्ञापत्रे काढली. त्यांचा युक्तिवाद साधा होता. या रोगाने ज्यूही मरत आहेत; आणि जेथे एकही ज्यू राहत नाही, तेथेही हा रोग पोहोचला आहे; मग आरोप टिकतो कसा? माझ्या मते कॅथलिकाने षड्यंत्रकथेशी कसे वागावे, याचा हा उत्तम वस्तुपाठ आहे. पोपनी लोकांच्या भीतीची टर उडविली नाही. त्यांनी आरोप हातात घेतला, वस्तुस्थितीशी ताडून पाहिला, आणि जो नाहक भरडला जात होता, त्याच्या बाजूने उभे राहिले.

कोणी विचारील, मग जगात खरे कट नसतातच काय? असतात. १७ मार्च १९८१ रोजी इटलीत लिचो जेल्ली या माणसाच्या मालमत्तेची झडती झाली, आणि ‘पी-२’ नावाच्या गुप्त मेसन शाखेची ९६२ नावांची यादी सापडली. तीत मंत्री होते, सेनापती होते, गुप्तचर खात्याचे प्रमुख होते. संसदेने चौकशी समिती नेमली. तिच्या अध्यक्षा टीना आन्सेल्मी या श्रद्धाळू कॅथलिक होत्या; तरुणपणी त्या फॅसिस्टांविरुद्ध लढल्या होत्या आणि इटलीच्या पहिल्या महिला मंत्री होत्या. त्यांनी कागद तपासले, साक्षी घेतल्या आणि १९८४ साली अहवाल दिला. यादीत त्यांच्या स्वतःच्या पक्षाचीही माणसे होती. ताक्सीलपाशी गुपिते होती, पण कागद नव्हता. आन्सेल्मींपाशी कागद होते, आणि गुपित त्यांनी ठेवले नाही.

आणखी एक कटू गोष्ट सांगितल्याशिवाय हे विवेचन प्रामाणिक ठरणार नाही. काही धर्मगुरूंनी बालकांवर अत्याचार केले आणि वरिष्ठांनी ते झाकले, असे आरोप होऊ लागले, तेव्हा हे चर्चविरुद्धचे कारस्थान आहे असे म्हणणारे थोडे नव्हते. २००२ साली बॉस्टनमध्ये कागदपत्रे उजेडात आली, आणि वर्षअखेरीस तेथील कार्डिनलना पद सोडावे लागले. तेथे ‘षड्यंत्र’ हा शब्दच सत्य झाकण्याच्या कामी आला होता. शत्रूविषयीची कथा पुराव्याशिवाय मानणे आणि स्वकीयांविषयीची साक्ष पुरावा असून नाकारणे, या एकाच दोषाच्या दोन बाजू आहेत.

अलीकडचा काळ आपण सर्वांनी पाहिला आहे. मे २०२० मध्ये आर्चबिशप व्हिगानो आणि काही धर्माधिकाऱ्यांनी एक आवाहन काढले. साथीच्या निमित्ताने अनियंत्रित जागतिक सरकार आणले जात आहे, असा त्याचा सूर होता. लसीतून शरीरात यंत्र घातले जाते, असेही संदेश हातोहाती फिरले. लसींविषयी एक खरा नैतिक प्रश्न होता. त्यांच्या निर्मितीत वा चाचणीत गर्भपात झालेल्या गर्भापासून पूर्वी मिळविलेल्या पेशींचा वापर झाला होता. डिसेंबर २०२० मध्ये व्हॅटिकनने त्याला सविस्तर उत्तर दिले, आणि दुसरी लस उपलब्ध नसता ती घेणे नीतीला धरून आहे असे सांगितले. खरा प्रश्न आणि बनावट भीती यांतला फरक तेथे स्पष्ट दिसला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या संदेशात खोट्या बातमीचे मूळ एदेनच्या बागेतील सर्पापर्यंत नेले होते. सर्प अर्धसत्य सांगतो, आणि ऐकणाऱ्याला आपण इतरांहून अधिक जाणतो असे वाटायला लावतो. षड्यंत्रकथेची गोडी याच अहंकारात आहे.

तेव्हा माझे उत्तर असे. कॅथलिकाने षड्यंत्रकथांपासून पळू नये आणि त्यांच्या मागेही धावू नये. प्रत्येक कथा म्हणजे कोणावर तरी केलेला आरोप आहे, असे समजून तिला साक्षीचे नियम लावावेत. आरोप नेमका कोणावर आहे? पाहिलेला साक्षीदार कोण, की सर्वच ऐकीव आहे? आरोपीला उत्तर देण्याची संधी मिळाली काय? काय आढळले तर हा आरोप खोटा ठरेल? आणि शेवटचा, सर्वांत अवघड प्रश्न: हाच आरोप एवढ्याच पुराव्यावर माझ्या माणसांवर झाला असता, तर मी तो मानला असता काय?

आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते. खोटे रचणाराच तेवढा दोषी, असे आपण समजतो. पण चर्चची शिकवण याहून कडक आहे. पुरेशा आधारावाचून दुसऱ्याचा दोष मनोमन खरा मानणे, हेही ती पाप मानते. हाताच्या एका बोटाने शंभर जणांना निरोप पाठविता येतो, अशा काळात तो पुढे पाठविणारा प्रत्येक जण साक्षीदार होतो.

घरी एखादा वडीलधारा किंवा मित्र अशी कथा सांगू लागला, तर त्याला वेड्यात काढू नका. त्याच्या भीतीमागे बहुधा खरे दुःख असते, कोठे तरी झालेला विश्वासघात असतो. त्याच्याशेजारी बसा, त्याचे ऐका, आणि मग हे प्रश्न त्याच्याबरोबर विचारा. हे काम सावकाशीचे आहे. शाळा तेच शिकविते, म्हणून हा विषय या वास्तूत मांडावासा वाटला.